देवाविषयी खरे कसे बोलावे

बायबलमधील ईयोबाचे पुस्तक ही सर्व काही गमावलेल्या एका नीतिमान माणसाची कथा आहे. तिचा शेवट वाचताना बहुतेकांचे लक्ष त्याला दुपटीने परत मिळालेल्या संपत्तीकडे जाते आणि त्याच्या जरा आधीचे एक वाक्य नजरेतून सुटते. बेचाळिसाव्या अध्यायाच्या सातव्या वचनात परमेश्वर अलीफज तेमानी याला सांगतो की, माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसे यथार्थ बोलला तसे तू आणि तुझे दोघे मित्र बोलला नाहीत, म्हणून माझा कोप तुमच्यावर भडकला आहे. ज्यांना हे ऐकावे लागले ते देवाचे निंदक नव्हते. ते देवाचीच बाजू मांडत होते. देव न्यायी आहे, तो दुष्टाला शिक्षा करतो, त्याच्याकडे वळणाऱ्याला तो पुन्हा उभे करतो, अशी त्यांची विधाने वेगळी काढून वाचली तर ती आजही कोणत्याही व्यासपीठावर शोभून दिसतील. उलट ईयोबाने आपल्या जन्मदिवसाला शाप दिला, देवाला जाब विचारला, आपल्याला उत्तर मिळत नाही असे वारंवार म्हटले, आणि तरीही देवाने ग्राह्य धरले ते त्याचे बोलणे. मित्र राखेत बसलेल्या एका माणसाविषयी असे काही ठामपणे सांगत होते की जे त्यांना ठाऊकच नव्हते, आणि ते देवाच्या नावावर सांगत होते. तेराव्या अध्यायात ईयोबाने त्यांना हेच विचारले होते: तुम्ही देवाच्या वतीने खोटे बोलणार काय?

हा प्रश्न आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांना आजही लागू आहे असे मला मनापासून वाटते. देवाविषयीची असत्ये बहुधा दुष्ट हेतूने बोलली जात नाहीत. ती प्रेमाने, घाईने, समोरच्याला धीर देण्याच्या ओढीने किंवा देवाचा गौरव कमी पडू नये या काळजीने बोलली जातात. परमेश्वराचे नाव व्यर्थ घेऊ नको, ही आज्ञा (काही मंडळ्या तिला तिसरी मानतात, कॅथलिक आणि लूथरन दुसरी) आपण शपथांपुरती आणि शिव्यांपुरती मर्यादित करून ठेवतो. प्रत्यक्षात ती आपल्या साक्षींना (म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केले याच्या कथनांना), सांत्वनाला, प्रार्थनेला, सभेतल्या ठरावांना आणि फोनवरून पुढे पाठवलेल्या वचनांनाही लागू होते. पुढे जे लिहिले आहे ते उपदेशकांपेक्षा सामान्य विश्वासणाऱ्यांसाठी आहे, कारण देवाविषयीचे सर्वाधिक बोलणे व्यासपीठावरून होत नाही. ते स्वयंपाकघरात, रिक्षात आणि रुग्णालयाच्या खाटेशी होते.

वाक्याला आधार कशाचा आहे ते आधी पाहावे

देवाविषयी काही सांगण्यापूर्वी स्वतःला विचारावे की हे मी कशाच्या बळावर सांगत आहे. आधार साधारणपणे तीन प्रकारचे असतात. शास्त्रात ते सांगितले आहे आणि मंडळीने ते पिढ्यान्‌पिढ्या कबूल केले आहे. किंवा ते माझ्या आयुष्यात घडले आहे. किंवा जे घडले त्यावरून मी तसा अंदाज बांधला आहे. तिन्ही प्रकारची वाक्ये बोलायला हरकत नाही. मात्र तिसऱ्या प्रकारचे वाक्य पहिल्याच्या आवाजात बोलू नये. देव दयाळू आहे, हे पहिल्या प्रकारचे वाक्य आहे. त्या रात्री प्रार्थना केल्यावर माझी भीती गेली, हे दुसऱ्या प्रकारचे. माझी नोकरी देवाने घालवली, कारण त्याला मला गावी परत आणायचे होते, हे तिसऱ्या प्रकारचे आहे. ते खरे असू शकेल, पण ते माझे अनुमान आहे आणि ऐकणाऱ्याला ते अनुमान म्हणूनच कळले पाहिजे.

हा भेद कसा पाळावा याचा उत्तम नमुना प्रेषित पौलाने घालून दिला आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सातवा अध्याय या दृष्टीने सावकाश वाचावा. विवाहितांनी वेगळे होऊ नये, हे सांगताना तो म्हणतो की ही माझी नव्हे, प्रभूची आज्ञा आहे. पुढे विश्वास न ठेवणाऱ्या जोडीदाराबरोबर नांदण्याचा प्रश्न येतो तेव्हा तो लगेच स्पष्ट करतो की हे प्रभू नव्हे, मी सांगत आहे. अविवाहितांविषयी प्रभूची आज्ञा आपल्याला मिळालेली नाही, आपण आपले मत देत आहोत, असे तो लिहितो. आणि अध्यायाच्या अखेरीस मलाही देवाचा आत्मा आहे असे मला वाटते, एवढ्यावर थांबतो. ज्याच्या पत्रांना आपण देवाचे वचन मानतो तो प्रेषित एकाच अध्यायात आपल्या वाक्यांच्या अधिकाराची अशी वर्गवारी करतो, तर बुधवारच्या प्रार्थनासभेत उठून बोलणाऱ्याने ती करायला काहीच अडचण नसावी.

फिलेमोनाला लिहिलेले छोटे पत्र याहूनही बोलके आहे. अनेसिम हा दास आपल्या धन्यापासून दूर झाला, तुरुंगात असलेल्या पौलाकडे आला आणि तिथे विश्वासात आला. या सगळ्यामागे देवाचा हात आहे असे म्हणण्याचा मोह किती मोठा असेल याची कल्पना करावी. पौल तसे सुचवतोही, पण पंधराव्या वचनाची सुरुवात तो कदाचित या शब्दाने करतो: तो थोडा काळ तुझ्यापासून दूर झाला तो कदाचित यासाठीच की तो तुला कायमचा मिळावा. देवाच्या योजनेविषयी बोलताना हा एक शब्द वापरण्याची सवय लावून घ्यावी. त्याने विश्वास कमी होत नाही, आणि देवाच्या मनात काय होते हे आपण पाहून आलो आहोत असा आवही राहत नाही.

प्रभू माझ्याशी बोलला, असे म्हणण्यापूर्वी

हे वाक्य आपल्याकडे फार सहज वापरले जाते आणि त्याचा भार ऐकणाऱ्यावर पडतो, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. देव आजही आपल्या लोकांना मार्ग दाखवतो यावर माझा विश्वास आहे. परंतु प्रार्थनेत मनात आलेला विचार, वाचनात अचानक टोचलेले वचन, पडलेले स्वप्न आणि स्वतःची जुनी इच्छा यांच्यातील सीमा कोणालाही नेहमी स्पष्ट दिसत नाही. तेव्हा जे घडले तेच सांगावे. प्रार्थना करताना तुमचे नाव वारंवार माझ्या मनात आले, म्हणून विचारायला आलो, सगळे ठीक आहे ना, असे म्हणता येते. हे वचन वाचताना मला तुमची आठवण झाली, तुम्हाला ते लागू पडते का ते तुम्ही पाहा, असेही म्हणता येते. या वाक्यांत देवाने काही केले असेल तर ते झाकले जात नाही, आणि समोरच्याला पारख करायला मोकळीक राहते. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात संदेशांचा धिक्कार करू नका आणि सर्व गोष्टींची पारख करा, या दोन आज्ञा लागोपाठ आल्या आहेत. पारख करण्याची संधीच मिळू नये अशा रीतीने दिलेला संदेश दुसरी आज्ञा मोडतो.

लग्न, नोकरी, परदेशी जाणे, घर विकणे, शस्त्रक्रिया करणे किंवा न करणे आणि पैसे देणे, या विषयांवर दुसऱ्याला देवाच्या नावाने काहीही सांगू नये, असा मी स्पष्ट सल्ला देईन. या मुलाचे स्थळ देवाकडून आले आहे, असे एखाद्या मुलीला मंडळीच्या सेवकाने किंवा मोठ्या वडीलधाऱ्यांनी सांगितले की तिला नाही म्हणण्याची जागा उरत नाही. तिने नकार दिला तर तो देवाला दिल्यासारखा होतो. पुढे संसार मोडला तर ती केवळ त्या सल्ल्यावरचा विश्वास गमावत नाही. मला हे स्थळ चांगले वाटते, माझी कारणे अशी अशी आहेत, तू प्रार्थना कर आणि स्वतः ठरव, हे बोलणे तितकेच प्रेमाचे आहे आणि खरेही आहे. जिथे सांगणाऱ्याचा स्वतःचा फायदा आहे, मग तो पैशाचा असो, मानाचा असो की वादात जिंकण्याचा, तिथे देवाचे नाव मुळीच मध्ये आणू नये.

मंडळीच्या कारभाराच्या सभेतही हाच प्रकार घडतो. चर्चा अडली की कोणीतरी उठून म्हणतो की प्रभूने माझ्या हृदयात हे घातले आहे, आणि विरोध करणारे गप्प बसतात. यरुशलेमच्या सभेने पवित्र आत्म्याला व आम्हाला हे योग्य वाटले, असे लिहिले खरे. पण प्रेषितांच्या कृत्यांचा पंधरावा अध्याय सुरुवातीपासून वाचला तर आधी पुष्कळ वादविवाद झाला, पेत्राने आपला अनुभव सांगितला, बर्णबा आणि पौल यांनी घडलेल्या गोष्टी कथन केल्या, याकोबाने शास्त्राचा दाखला दिला, आणि मग सर्वांच्या संमतीने ते वाक्य लिहिले गेले. आत्म्याचे नाव तिथे चर्चा संपल्यावर आले आहे. चर्चा थांबवण्यासाठी ते घेऊ नये.

साक्ष देताना

साक्ष देण्याची रीत ही आपल्या मंडळ्यांची फार मोठी संपत्ती आहे, आणि ती खरी राहावी यासाठी थोडी तयारी करून उभे राहावे. योहानाच्या नवव्या अध्यायातील जन्मांध माणूस या बाबतीत आपला गुरू आहे. परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहूदी पुढारी, त्याला पुन्हा पुन्हा विचारतात, येशूविषयी त्याच्याकडून काहीतरी वदवून घेऊ पाहतात, आणि तो सांगतो की तो पापी आहे की नाही ते मला ठाऊक नाही. मला एक ठाऊक आहे, मी आंधळा होतो आणि आता मला दिसते. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणून तो सांगतो, आणि जे ठाऊक आहे ते कोणाच्याही धाकाने मागे घेत नाही.

आजारातून बरे झाल्याची साक्ष असेल तर आजार कोणता होता, निदान कोणी केले, उपचार काय झाले आणि आज प्रकृती कशी आहे, हे थोडक्यात आणि बरोबर सांगावे. डॉक्टरांनी हात टेकले होते, हे वाक्य डॉक्टरांनी खरोखर तसे म्हटले असेल तरच उच्चारावे. धोका आहे असे त्यांनी म्हटले असेल तर धोका आहे असेच सांगावे. औषधे घेतली असतील तर ती साक्षीतून वगळू नयेत. औषधाचा उल्लेख केला की देवाचा गौरव कमी होतो ही समजूत आपल्या पूर्वजांची नव्हती. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिरजेला रुग्णालय उभे केले ते प्रार्थनेवर विश्वास नव्हता म्हणून नव्हे. मराठी मुलुखातील किती तरी ख्रिस्ती कुटुंबांत परिचारिकेचा पेशा दोन-तीन पिढ्या चालत आला आहे. त्या हातांनी झालेली शुश्रूषा साक्षीतून गाळणे हे देवाच्याच कृपेचा एक भाग गाळण्यासारखे आहे.

आजार पूर्णपणे गेला नसेल तर तसे सांगायला लाजू नये. पौलाने आपल्या देहातील काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली आणि तो निघाला नाही, हे त्याने स्वतः लिहून ठेवले. त्रफिमाला आपण मिलेतात आजारी ठेवून आलो, असे तो तीमथ्याला कळवतो. तो का बरा झाला नाही याचे स्पष्टीकरण देत नाही. ज्या मंडळीत फक्त यशाच्या साक्षी ऐकू येतात तिथे ज्याच्या घरी आजार रेंगाळला आहे तो माणूस मागच्या बाकावर सरकतो आणि पुढे यायचाच थांबतो, आणि याची मला फार खंत वाटते. अजून उत्तर मिळालेले नाही, तरी मी प्रार्थना करतो आहे, ही साक्षसुद्धा पुढे येऊन देण्यासारखी आहे, आणि पाळकांनी तिला मुद्दाम जागा करून द्यावी.

जीवनपरिवर्तनाची साक्ष देताना आधीचा अंधार अधिक काळा रंगवण्याचा आणि नंतरचा उजेड अखंड दाखवण्याचा मोह होतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला आणि त्यानंतर सारे जग त्यांना ख्रिस्ती म्हणून ओळखू लागले. तरीही १९०७ साली आपली साक्ष लिहिताना त्यांनी मोकळेपणाने नोंदवले की बाप्तिस्म्यानंतरही कित्येक वर्षे त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. त्याआधी वाँटेजच्या धर्मभगिनींशी झालेल्या पत्रव्यवहारातही, जे सिद्धान्त आपल्या मनाला अजून पटलेले नाहीत ते पटले आहेत असे म्हणायला त्यांनी नकार दिला होता, आणि तोही त्यांच्याच आधाराने शिकत असताना. साक्ष सोयीची व्हावी म्हणून त्यांना ती वर्षे गाळता आली असती. त्यांनी ती गाळली नाहीत, म्हणून त्यांच्या पुढच्या आनंदावर वाचकाचा विश्वास बसतो. आपल्या साक्षीतही संशयाची वर्षे, मागे फिरण्याचे प्रसंग आणि अजून चाललेला झगडा यांना योग्य तेवढी जागा द्यावी. मात्र दुसऱ्याचे पाप किंवा घरातील कोणाची दुर्बलता त्याच्या परवानगीशिवाय साक्षीत आणू नये. ती सत्य असली तरी ती सांगण्याचा अधिकार आपला नसतो.

आजाऱ्याजवळ आणि मृत्यूच्या घरी

देवाविषयी सर्वात जास्त असत्य आपण अशा वेळी बोलतो जेव्हा आपल्याला सर्वात जास्त कळवळा आलेला असतो. लहान मूल गेले की देवाला सुंदर फुले आवडतात म्हणून त्याने ते खुडून नेले, असे म्हटले जाते. तरुण मुलगा अपघातात गेला की देवाला त्याची आपल्यापेक्षा अधिक गरज होती, असे म्हटले जाते. अशी वाक्ये शास्त्रात कुठेही नाहीत, आणि ती ऐकणाऱ्या आईच्या मनात देवाचे जे चित्र तयार होते ते तिच्या लेकराला हिरावून नेणाऱ्याचे असते. पुढची कित्येक वर्षे ती त्या देवापुढे गुडघे टेकू शकली नाही तर दोष तिचा नाही. विश्वास कमी पडला, घरात काहीतरी पाप असेल, ही वाक्ये तर कोणत्याही परिस्थितीत बोलू नयेत. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी हाच प्रश्न विचारला तेव्हा येशूने त्याचे किंवा त्याच्या आईबापांचे पाप हे कारण नाही असे स्पष्ट सांगितले. आणि लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहातील बुरूज कोसळून १८ माणसे ठार झाल्याचा उल्लेख करून, ती यरुशलेमातील इतरांपेक्षा अधिक अपराधी होती असे समजू नका, असे त्याने लोकांना बजावले.

मग काय बोलावे, हा खरा प्रश्न आहे. प्रथम, न बोलता बसण्याची तयारी ठेवावी. ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस आणि सात रात्री एक शब्द न बोलता बसले, आणि त्यांनी केलेल्या सर्व गोष्टींत तीच एक निर्दोष होती. बोलणे भाग पडले तर, हे का झाले मला ठाऊक नाही, मी तुमच्याबरोबर आहे, एवढे पुरते. गेलेल्या माणसाविषयी एखादी खरी आठवण सांगावी. तो प्रभूला प्रिय झाला किंवा प्रभूमध्ये झोपी गेला, असे आपण म्हणतो. हे आपल्या आशेचे शब्द आहेत आणि विश्वासात गेलेल्याविषयी ते निःसंकोच म्हणावेत, पण ते रडणे थांबवण्यासाठी वापरू नयेत. बेथानीला मार्था आणि मरीया या दोघीही येशूला म्हणाल्या की प्रभू, तू इथे असतास तर आमचा भाऊ मेला नसता. त्या वाक्यात तक्रार आहे. येशूने त्याबद्दल त्यांना रागावले नाही, आणि त्या भावाला, लाजराला, आपण थोड्याच वेळात मरणातून उठवणार आहोत हे माहीत असूनही तो रडला. पुनरुत्थानाची आशा आणि अश्रू एकाच वेळी एकाच ठिकाणी असू शकतात, हे त्याने स्वतः दाखवले आहे, तेव्हा विश्वासणाऱ्याने रडू नये असे आपण कोणालाही सांगू नये.

देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात, हे रोमकरांस लिहिलेल्या पत्रातील वचन अशा घरी हमखास वाचले जाते. ते वचन सत्य आहे. पण पौलाने ते लिहिले तेव्हा तो स्वतः दुःख सोसणाऱ्यांपैकी होता आणि त्याच अध्यायात, अगदी जवळच, सारी सृष्टी कण्हत आहे, आपणही कण्हत आहोत आणि आत्माही अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो, असे तो म्हणतो. ते वचन दुःखी माणसाने स्वतःसाठी म्हणावे. बाहेरून आलेल्याने दफनाच्या दिवशी ते त्याच्या हातात ठेवण्याची घाई करू नये. त्याने कण्हण्याची वचने आधी वाचावीत.

एक सूचना मी आग्रहाने करतो. कोणालाही, कोणत्याही कारणाने, प्रार्थना झाली आहे म्हणून औषधे बंद करा असे सांगू नये. रक्तदाब, मधुमेह, अपस्मार आणि मानसिक आजार यांची औषधे अचानक थांबवली तर जीवावर बेतू शकते. क्षयाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. तो अर्धवट सोडला तर जंतू औषधांना दाद देईनासे होतात आणि घरातील इतरांनाही त्या आजाराची लागण होऊ शकते. बरे वाटत असेल तर देवाचे उपकार मानावेत आणि गोळी बंद करायची की नाही ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. येशूने बरे केलेल्या कुष्ठरोग्यालासुद्धा याजकाकडे जाऊन स्वतःला दाखवायला सांगितले होते.

देवाशी बोलतानाही

देवाविषयी खरे बोलण्याची सवय देवाशी खरे बोलण्यातून लागते. तेराव्या स्तोत्रात कोठवर हा प्रश्न चार वेळा विचारला आहे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधाराच्या उल्लेखावर संपते; तिथे शेवटी स्तुतीची ओळ जोडलेली नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, मंदिरात गाइले गेले आहे. म्हणून प्रार्थनेत जो राग, जी निराशा, जी भीती खरोखर आहे ती सांगावी. सार्वजनिक प्रार्थनेत मात्र देवाला उद्देशून शेजाऱ्याला टोमणे मारू नयेत आणि एखाद्याच्या घरची बातमी प्रार्थना-विनंतीच्या नावाखाली सर्वांना कळवू नये.

वचने उद्धृत करताना आणि पुढे पाठवताना

एखादे वचन कोणाला पाठवण्यापूर्वी त्याच्या आधीची आणि नंतरची दहा-दहा वचने वाचावीत, एवढा नियम पाळला तरी पुष्कळ चुका टळतात. तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते हिताचे आहेत, हे यिर्मयाच्या २९ व्या अध्यायातील वचन परीक्षेच्या आणि मुलाखतीच्या दिवशी सर्रास पाठवले जाते. ते बाबेलात बंदिवान असलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातील आहे आणि त्याच्या लगेच आधीच्या वचनात तिथे सत्तर वर्षे काढावी लागतील असे सांगितले आहे. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांचे आयुष्य परक्या देशातच संपणार होते. त्याच्याही आधी, देवाने न पाठवलेल्या स्वप्नद्रष्ट्यांचे ऐकू नका, असा इशारा आहे. मागच्याच अध्यायात हनन्या नावाच्या संदेष्ट्याने दोन वर्षांत सगळे परत येईल असे लोकांना आवडणारे भविष्य सांगितले होते. यिर्मयाने त्यावर प्रथम आमेन म्हटले, परमेश्वर तसेच करो अशी इच्छा व्यक्त केली, पण शांतीचे भविष्य सांगणाऱ्याची पारख ते खरे ठरल्यावर होते, हेही नोंदवले. मग बंदिवासाची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेले जू हनन्याने मोडले तेव्हा यिर्मया वाद न घालता निघून गेला आणि परमेश्वराचे वचन आल्यावरच परतला. चांगली बातमी खरी ठरावी अशी इच्छा धरणे आणि तिची हमी देणे यांतला फरक त्या प्रसंगात दिसतो. परीक्षेला जाणाऱ्या मुलाला हे वचन पाठवायचे असेल तर निकाल काहीही लागला तरी देव तुला सोडणार नाही, हेही त्यासोबत लिहावे.

मला सामर्थ्य देणाऱ्याच्या योगे मी सर्व काही करू शकतो, या वचनाचेही तसेच आहे. पौल बंदिवासात होता, आणि भूक व तृप्ती, विपुलता व टंचाई या दोन्ही अवस्थांत समाधानी राहायला आपण शिकलो, हे सांगताना त्याने ते लिहिले. अर्थ अस्पष्ट वाटला तर बायबल सोसायटीचे पवित्र शास्त्र आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे सुबोध बायबल ही दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत.

शेजाऱ्यांशी आणि मुलांशी

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक शंभरात एकाहून किंचित कमी आहेत. आपण देवाविषयी जे बोलतो ते ऐकणाऱ्यांत इतर श्रद्धेचे लोक बहुधा असतातच. पेत्र आपल्या पहिल्या पत्रात आशेचे कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सिद्ध राहा असे सांगतो आणि ते सौम्यतेने व आदराने द्यावे असेही सांगतो. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा शेजाऱ्याच्या श्रद्धेविषयी बोलतानाही पाळावी. तो काय मानतो ते त्यालाच विचारावे, ऐकीव माहितीवर त्याचे वर्णन करू नये. प्रभूकडे या म्हणजे सगळ्या अडचणी सुटतील, असे आश्वासन कोणालाही देऊ नये. जगात तुम्हाला क्लेश होतील, असे येशूने आपल्या शिष्यांना शेवटच्या रात्री सांगितले, आणि मागे येऊ पाहणाऱ्यांना आधी खर्चाचा हिशेब करायला सांगितला. ज्याने कर्ज फिटण्याच्या आशेने बाप्तिस्मा घेतला त्याचे कर्ज फिटले नाही तर तो आपल्याला खोटे म्हणेल, आणि त्यात त्याचे चुकणार नाही.

मुलांशी बोलताना देवाला धाकासाठी वापरू नये. जेवला नाहीस तर देव शिक्षा करील, हे वाक्य आई क्षणभरासाठी बोलते आणि मूल ते आयुष्यभर जपते. आपण इतकी प्रार्थना केली तरी आजी का बरी झाली नाही, असे मुलाने विचारले तर, मलाही कळत नाही, मीही देवाला तेच विचारतो आहे, असे उत्तर द्यावे आणि त्याच्याबरोबर बसून ते मोठ्याने विचारावे.

चुकीचे बोलले गेल्यावर

एवढी काळजी घेऊनही चुकीचे बोलले जाईल, आणि त्यासाठी नाथानाचे उदाहरण मनात ठेवावे. परमेश्वरासाठी मंदिर बांधण्याचा विचार दावीदाने बोलून दाखवला तेव्हा नाथान संदेष्टा म्हणाला की तुझ्या मनात आहे ते सर्व कर, परमेश्वर तुझ्याबरोबर आहे. हेतू चांगला, राजा देवभीरू, बांधकाम देवासाठी. यात विचारण्यासारखे काही आहे असे त्याला वाटले नाही. त्याच रात्री परमेश्वराचे वचन त्याच्याकडे आले की दावीदाने हे घर बांधायचे नाही. नाथान राजाकडे परत गेला आणि त्याने सर्व काही जसेच्या तसे सांगितले. आपण आधी घाईने बोललो हे राजापुढे उघड होईल म्हणून त्याने ते लांबवले नाही.

त्याचप्रमाणे, जिथे बोलणे झाले असेल तिथेच ते दुरुस्त करावे. सभेत दिलेल्या साक्षीत अतिशयोक्ती झाली असेल तर पुढच्या सभेत उभे राहून मागील वेळी अमुक गोष्ट मी वाढवून सांगितली, प्रत्यक्षात ती अशी होती, असे दोन वाक्यांत सांगावे. लांब स्पष्टीकरण देऊ नये. गटात पाठवलेला संदेश खोटा निघाला तर तो नुसता पुसून टाकू नये, त्याच गटात तसे लिहावे. दुःखी घरी नको ते बोलले गेले असेल तर पुन्हा जावे आणि त्या दिवशी मी जे म्हणालो ते मला म्हणायला नको होते, एवढे बोलून पुढचे ऐकत बसावे. आणि ज्याला औषध बंद करायला सांगितले गेले असेल त्याच्याकडे पुढच्या रविवारची वाट न पाहता त्याच दिवशी जावे, तो देवाचा नव्हे, माझा सल्ला होता आणि तो चुकीचा होता, हे स्पष्ट शब्दांत म्हणावे, आणि त्याला स्वतः बरोबर घेऊन डॉक्टरांकडे न्यावे.